देवाच्या मुठीचं मडकं

माझ्या गोष्टीतला एक शब्द जरी खरा मानून दाखवलात ना, तर माझ्या वाटणीचा गुळाचा खडा तुमचा. नाही जमायचं तुम्हाला. तुमचा बाप एवढासा होता तेव्हापासून पैज लावतेय. त्यालाही नाही जमलं, म्हणून तर गूळ अजून माझ्याच डब्यात आहे. ए शमुवेल, पाय आवर. अंगठा घुसलाय तुझा माझ्या बरगडीत. हं.

तर एक होतं मडकं.

राजा नाही, राणी नाही. राजाची गोष्ट हवी असेल तर राजाच्या आजीकडे जा. माझ्याकडे मडकंच आहे. काळं, पोट सुटलेलं, काठाला टवका उडालेला. ते राहायचं नदीकाठच्या एका गावात, राहेलबाईच्या घरी, जात्याशेजारी. त्या गावात आपली ख्रिस्ती माणसं होती आणि त्यांची एक रीत होती, बरं का. दळायला बसलं की आधी ज्वारीची एक मूठ काढायची आणि मडक्यात टाकायची. ती देवाची मूठ. वर्षभर साठवायची आणि कापणीच्या सणाला मडकं डोक्यावर घेऊन देवळात न्यायचं. तिथून ते धान्य गोरगरिबांना जायचं.

राहेलबाईचं मडकं दरवर्षी सगळ्यात भरलेलं. पाळकसाहेब म्हणायचे, "धन्य आहे बाई तुमची!" मग सगळ्या बाया माना वळवून बघायच्या आणि राहेलबाई पदर नीट करायची. नीटच असायचा, तरी करायची.

मग एका वर्षी टोळ आले. आभाळ काळं झालं, कुरुकुरु आवाज झाला आणि शेतात नुसती धसकटं उरली. घराघरातल्या धान्याच्या कणग्या खडखडल्या. लोकांनी देवाच्या मुठीसुद्धा खाल्ल्या. राहेलबाईकडे दोन माणसांपुरती ज्वारी होती, ती आणि तिचा नवरा शांतवन. आणि देवाचं मडकं होतं, काठोकाठ.

मग काय झालं, शेजारची गुणा आली. ही गुणा नुकती बाळंत झालेली. नवरा कामाच्या शोधात गेलेला, त्याचा पत्ता नाही. पोटात अन्न नाही तर अंगावर दूध कुठून येणार? पोर रडत होतं, पण रडणं कसं, मांजराच्या पिल्लासारखं. बारीक.

"राहेलमावशी, ओंजळभर दे गं," गुणा म्हणली. "माझ्यासाठी नाही मागत."

राहेलबाई मडक्याकडे बघून म्हणली, "अगं, दिली असती. पण ती देवाची आहे. देवाच्या वस्तूला हात कसा लावू? सणाला ये देवळाच्या दारात. तिथं मिळेल."

गुणा गेली. आणि मडकं जमिनीत बोटभर रुतलं.

हसू नका. मी आधीच म्हणलं होतं, नाही जमायचं तुम्हाला.

मग एक म्हातारा घिसाडी आला. गावोगाव फिरून विळे-खुरपी करणारा. पण शेतच नाही तर विळा कोण घेणार? त्याचा भाता बंद, भट्टी बंद, आणि तोही बंद पडायला आलेला. त्याला राहेलबाई म्हणली, "बाबा, ही देवाची आहे. सणाला या." म्हातारा म्हणला, "देव लई भूक लागल्याला दिसतोय तुमचा." आणि गेला काठी टेकत. मडकं अजून रुतलं.

मग आली तबिथा. ही तबिथा कोण, तर राहेलबाईची देवळातली वैरीण. दरवर्षी हिचं मडकं दुसरं यायचं. मागायला आली असेल असं वाटतं ना तुम्हाला? छे! तबिथा मागेल? ती दारात उभी राहिली आणि म्हणली, "राहेल, तुझी चाळण दे जरा. पीठ चाळायचंय." आणि बघत होती मडक्याकडे. तिच्या घरी चाळायला धूळसुद्धा नव्हती. राहेलबाईला कळलं ते. चांगलं कळलं. तिनं खुंटीवरची चाळण काढून दिली.

नुसती चाळण.

मडकं गळ्यापर्यंत रुतलं.

मग उजाडला सणाचा दिवस. देवळाची घंटा वाजली. राहेलबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं, केसाला तेल लावलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मडक्याला हात घातला. मडकं हललं नाही. मग शांतवनला हाक मारली. तो बिचारा आला, उं-उं केलं, लाल झाला. मडकं हललं नाही. मग त्यानं बैल आणला, मडक्याच्या गळ्याला दोर बांधला आणि दुसरं टोक बैलाला. बैलानं ओढलं, ओढलं आणि मटकन खाली बसला. राहेलबाईकडे असं बघितलं त्यानं, जशी मी तुमच्याकडे बघते तुम्ही गूळ मागता तेव्हा.

राहेलबाई रडकुंडीला आली. "आता देवळात काय तोंड दाखवू?"

तेव्हा मडकं बोललं. "तुझं तोंड कशाला बघायचंय कुणाला? मला गुणाकडे ने."

शांतवन दोर टाकून पळाला. राहेलबाई नाही पळाली. तिनं मडक्याला फसवायचं ठरवलं. एक मूठ काढली, धावत गुणाच्या दारात गेली आणि म्हणली, "घे. पण सगळ्यांना सांग हां, राहेलबाईनं दिली म्हणून. देवही बघतोय." परत आली तर मडकं अजून खाली. नुसता काठ वर.

"अगं ए राहेले," मडकं म्हणलं, "देवाला काय लाच देतेस? मला एक सांग. तू या गावात आलीस तेव्हा केवढी होतीस?"



केवढी होती, मी सांगते. ती आली तेव्हा टोपलीतून आली होती. मागच्या कुठल्या तरी दुष्काळात कुणीतरी तिला देवळाच्या पायरीवर ठेवून गेलं. आई कोण, बाप कोण, जात कोणती, काही माहीत नाही. नुसती कातडी आणि डोळे. आणि एस्तेर नावाच्या म्हातारीनं तिला उचललं. सणाची वाट नाही बघितली. याच मडक्यात, तेव्हा ते तिचं होतं, हात घातला आणि कण्या शिजवून बोटानं चाटवल्या. बाकीच्या बायांनी आपापल्या मडक्यातल्या मुठी आणून दिल्या. ही कोणाची, कशाला द्यायचं, मोठी झाल्यावर काय परत करणार, कुणी विचारलं नाही. एस्तेर एवढंच म्हणायची, "प्रभूनं आपल्याला घेतलं तेव्हा काय बघून घेतलं होतं?"

राहेलबाई मट्‌कन जमिनीवर बसली. मडक्याच्या काठावर डोकं टेकलं. "देवबापा," ती म्हणली, "मला वाटत होतं मी तुला देते. अरे, मी तर तुझंच खाऊन एवढी झाले!" आणि रडली. पण हे रडणं वेगळं, बरं का. पोट भरल्यावर येतं ना कधी कधी रडू, तसलं.

मग तिनं मडकं उचललं. आणि ते आलं! गवताच्या पेंढीसारखं आलं.

मग ती पहिली कुठं गेली? गुणाकडे. गुणा भिंतीला टेकलेली, पोर रडायचंही थांबलेलं. राहेलबाईनं लुगड्याचा काचा मारला आणि गुणाच्या जात्यावर बसली. ज्वारी भरडली, कण्या चुलीवर टाकल्या, मीठ घातलं आणि फुंकून फुंकून गुणाला घास भरवले. देवळाची घंटा वाजून वाजून दमली. राहेलबाई तिथंच. गुणा जेवली, पाणी प्याली, टेकली. दुपार कलायला लागली तेव्हा पोर अंगावर ओढायला लागलं. मचमच, मचमच. तो आवाज ऐकला आणि राहेलबाई त्या पोराला म्हणली, "हळू रे खादाडा!" आणि पदरानं नाक पुसलं.

मग घिसाड्याकडे गेली. तो पिंपळाखाली पडलेला. "का देता मला? मी तुमच्यातला नाही," तो म्हणला.

"मी तरी कुणातली होते?" राहेलबाई म्हणली. "मलाही असंच मिळालं, बाबा. उठा. झोळी पसरा."

मग तबिथाचं दार. तबिथा आत लपलेली, मडकं नाही म्हणून देवळात गेली नव्हती.

"तबिथा, माझी चाळण आण."

"अजून चाळायचंय मला."

"काय चाळतेस?"

तबिथानं रिकामी चाळण पुढे केली. राहेलबाईनं चाळण मांडीवर घेतली आणि उरलेली सगळी ज्वारी तिच्यात ओतली. "हे चाळ. आणि मी आले होते हे कुणाला सांगू नको, नाहीतर माझं मडकं परत रुसेल."

तबिथा म्हणली, "तुझी ज्वारी खड्याची असते, राहेल." आणि मग तिच्या गळ्यात पडली. अशा असतात काही बाया.

आता मडकं रिकामं. तरी राहेलबाई म्हणली, देवळात तर जायलाच हवं. मागोमाग तबिथा निघाली, गुणा पोराला घेऊन निघाली, म्हातारा घिसाडी काठी टेकत निघाला. देवळात माणसं अजून बसलेली, पाळकसाहेबांचा उपदेश लांबलेला. त्यांचा लांबायचाच. वेदीपुढे यंदा एकही मडकं नव्हतं. सगळ्यांचे डोळे राहेलबाईवर.

तिनं मडकं नेऊन ठेवलं. पाळकसाहेबांनी हात घातला. आत फिरवला. "बाई," ते हळूच म्हणले, "हे रिकामं आहे."

राहेलबाईनं पदर नीट नाही केला. ती म्हणली, "हो."

आणि तेवढ्यात मडक्यातून आवाज आला. मोठ्ठा.

ढेकर!

मग दुसरी ढेकर. जरा खोल, म्हाताऱ्या माणसाची असते तशी. मग तिसरी. नाजूक, तोंडावर पदर धरून दिलेली. इकडे तबिथा लाल झाली.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मडक्याला हात जोडले आणि म्हणले, "देव जेवला, माणसांनो. पोटभर जेवला." आणि त्या दिवशी उपदेश तिथंच संपला, म्हणजे बघा किती मोठा चमत्कार!

मग लोक घरी गेले आणि ज्याच्याकडे जे लपवलेलं होतं ते त्यानं बाहेर काढलं. कुणाकडे मूठभर तीळ, कुणाकडे वाळलेली भाजी, कुणाकडे शेळीचं दूध. देवळाच्या अंगणात एकच चूल पेटली आणि पुढचं पीक येईपर्यंत ती विझली नाही. गुणाचा नवरा आला, पोर गुबगुबीत झालं, घिसाडी तिथंच राहिला आणि सगळ्यांचे विळे करून देत बसला. सगळी माणसं जेवली, हसली, भांडली, म्हातारी झाली.

झालं. संपली. गूळ? कसला गूळ? ढेकरीला हसलात म्हणजे तुमचा विश्वास नाही बसला. आणि बसला असेल तर ज्याला लागेल त्याला गूळ द्याल, स्वतः मागणार नाही. कसंही बघा, गूळ माझाच. डोळे मिटा, प्रभूला म्हणा आज पोट भरलं, आणि निघा माझ्या गोधडीतून. निघा म्हणते ना! जा आता.