चासी आणि आडपट्टी

मोटारींची हाडं आपसात बोलत, त्या काळची गोष्ट. एका म्हाताऱ्या जीपची चासी, म्हणजे तिचा लोखंडी सांगाडा, वळणावर करकरू लागली. मालक गणूशेठनी मोडक्या लोखंडी खाटेचा अँगल कापून तिच्या पोटाखाली आडपट्टी म्हणून वेल्डिंगने जोडला. "आता जीप घाट चढणार, ती या पट्टीच्या जोरावर!" ते म्हणाले.

चासीच्या अंगाची आग झाली. "जन्मभर ओझं वाहिलं मी, आणि कौतुक या खाटेच्या तंगडीचं!"

"ताई, मी तुमच्याच आधाराने आहे," आडपट्टी म्हणाली.

"गोड बोलू नकोस. उद्या घाटात एकटीच पेल सगळं."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बाळंतपणाला निघालेली बाई होती. अवघड वळणावर चासीने मुद्दाम अंग सैल सोडलं. पट्टी तुटली नाही. वेल्डिंगच्या कडेला चासीलाच तडा गेला.

"ताई, आवळून धरा!" पट्टी ओरडली. "तुम्ही फाटलात तर मी कुणाला धरू?"

वर बाई कण्हली. चासीने सगळं बळ एकवटलं आणि जीप माथ्यावर पोचली.

गणूशेठ वाकून बघत म्हणाले, "पट्टीने तारलं बघा!"

चासी पुन्हा जळली. पण उतारावर तिने पट्टीला सोडलं नाही.