बांबूच्या बेटामागचं गिऱ्हाईक

फार पूर्वी, बायका बांगड्या भरायला बाजारात जात नसत, कासारीणच घरोघरी येत असे, त्या काळातली ही गोष्ट. एका गावात एक कासारीण राहत होती. आसपासच्या पाच वाड्यांवर तिची नेहमीच्या गिऱ्हाइकांची ठरलेली घरं होती. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं डोहाळजेवण निघालं, की बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून ती निघायची. कोणाच्या अंगठ्याचं हाड मोठं, कोणाचा हात दाबला की दुखतो, कोण बोलण्यात गुंतली की हात सैल सोडते, हे सगळं तिच्या बोटांना ठाऊक होतं.

पण बोटं म्हातारी झाली. एकदा नवरीला चुडा भरताना काच पिचली आणि पोरीच्या मनगटातून रक्त आलं. पोरीने ते पदराने टिपलं आणि हात पुन्हा पुढं केला. कासारीण मात्र घरी येऊन बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत बसली. आता थांबायचं, असं तिने ठरवलं.

थांबायचं तेही रीतीने. शेजारच्या गावची एक तरुण कासारीण तिने सोबत घेतली आणि एकेका घरी गेली. बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. तसं तीही धंदा बंद केला असं म्हणाली नाही.

"वहिनी, मी माझं काम वाढवते आहे. इथून पुढं ही येईल. हिचा हात हलका आहे."

मग तरुणीकडे वळून हळूच सांगे, "यांचा डावा हात आधी घे. उजवा फार ताठ."

कुठे गूळपाणी मिळालं, कुठे बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस असे गेले. शेवटच्या वाडीवरून परतताना तरुणीने विचारलं, "मावशी, झाली का सगळी घरं?"

"झाली," म्हातारी म्हणाली.

ते खरं नव्हतं. एक घर राहिलं होतं.

नदीकाठच्या बांबूच्या बेटामागं एक कौलारू घर होतं. तीस वर्षांपूर्वी ती भर दुपारी तिथून चालली असताना अर्धवट उघड्या दारातून एक हात बाहेर आला आणि त्याने तिला बोलावलं. गोरा, लांब बोटांचा, कोपरापर्यंतच दिसणारा हात. तिने उंबऱ्याबाहेर बसून बांगड्या भरल्या. त्या हाताने उंबऱ्याला तळवा टेकून नमस्कार केला आणि दार लागलं. बाहेर सुपात तांदूळ ठेवलेले होते.

तेव्हापासून संक्रांतीला आणि नागपंचमीला ती तिथं जाई. चेहरा कधी दिसला नाही, आवाज कधी ऐकला नाही. एखाद्या कडक घरची सून असेल, असं तिला आधी वाटलं. पण वर्षं गेली, कासारणीचे केस पांढरे झाले आणि तो हात होता तसाच राहिला, वीस वर्षांच्या मुलीचा. आणि सदा थंड, रांजणाच्या तळातल्या पाण्यासारखा. तिने एकदा वाडीत चौकशी केली, तर एक म्हातारबाबा म्हणाले, "त्या घरात कोणी राहत नाही." त्यानंतर तिने कोणाला विचारलं नाही. जात मात्र राहिली.

आता काम संपलंच आहे, तर तिथं जाऊन काय सांगायचं आणि कोणाला? नाही गेलं तर विचारायला कोण येणार आहे? अशी तिने मनाची समजूत घातली.

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती घरात तांदूळ निवडत बसली होती. अंगणातल्या चिमण्या एकदम गप्प झाल्या. पायरीवरचं कुत्रं उठलं आणि मागं न बघता निघून गेलं. लोटलेलं दार हळूच सरकलं आणि चौकटीच्या कडेने एक हात आत आला.

मनगट रिकामं होतं. दाराच्या फटीतून सगळं अंगण दिसत होतं, उन्हाने भरलेलं. अंगणात कोणीच उभं नव्हतं.

हात थोडा वेळ तसाच थांबला, तळवा वर करून. मग मागं गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो पुन्हा आला. पंजाच्या पाठीवरची कातडी सुरकुतली होती. तिसऱ्या दिवशी शिरा वर आल्या होत्या. कासारणीने शेजारणीला सांगितलं. शेजारीण म्हणाली, "दाराला लिंबू आणि बिब्बा बांध. दुपारी कडी काढूच नकोस."

चौथ्या दिवशी तिने तसं केलं. दुपार भरली आणि दार वाजलं. दार वाजवणाऱ्या बायकांचे हात तिने जन्मभर ऐकले होते. लाकडासोबत काच वाजल्याशिवाय राहत नसे. हा आवाज नुसत्या हाडाचा होता. तीनदा वाजे, थांबे, पुन्हा तीनदा वाजे. त्यात घाई नव्हती, राग नव्हता. उशीर झालेल्या माणसाची कोणी वाट बघावी, तसा तो आवाज होता.

कासारणीची भीती गेली नाही, पण तिला आपली लाज वाटू लागली.

सकाळी ती तरुण कासारणीकडे गेली. "एक घर राहिलंय," ती म्हणाली. "मी तुझ्याशी खोटं बोलले." आणि तिने सगळं सांगितलं.

तरुणीने बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेतल्या. मग म्हणाली, "दारापर्यंत येते. पुढचं तिथं बघू."

दोघी बेटामागं पोचल्या तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. वारा नव्हता, तरी बांबू करकरत होते. दार अर्धं उघडं होतं. म्हातारी उंबऱ्याबाहेर बसली. हात आला, काडीसारखा वाळलेला.

"बाई," म्हातारी म्हणाली, "माझी बोटं आता चालत नाहीत. मी काम सोडलं. सगळ्यांना सांगून आले, फक्त तुम्हाला नाही. मला तुमची भीती वाटत होती."

 मग तीस वर्षांत पहिल्यांदा आतून आवाज आला, हळू आणि फार लांबून.

"सांगितलं असतं, तर वाट पाहिली नसती."

"चुकलं माझं," म्हातारी म्हणाली.

तिने तो थंड हात हातात घेतला. माप इतकं उतरलं होतं, की लहान मुलींच्या बांगड्या काढाव्या लागल्या. या वेळी एकही काच पिचली नाही. मग ती म्हणाली, "ही माझ्या जागी येईल. चालेल का तुम्हाला?"

हात आत गेला. दार लागलं नाही. तरुणीचा श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळाने दुसरा, अजून रिकामा हात बाहेर आला, म्हातारीला ओलांडून पुढं सरकला आणि तरुणीसमोर थांबला.

"अंगठा आत दाब," म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली. "जोर करू नकोस. गार लागेल, त्याचं काही नाही."

तरुणीने ओठ घट्ट मिटून बांगड्या भरल्या. तळवा उंबऱ्याला टेकला आणि दार लागलं.

परतताना तरुणीने विचारलं, "मावशी, आत आहे तरी कोण?"

"मला कधी कळलं नाही," म्हातारी म्हणाली. "गिऱ्हाईक आहे, एवढं खरं."

त्यानंतर म्हातारीच्या दाराशी दुपारी कोणी आलं नाही. नागपंचमीला तरुणी बेटामागं एकटीच गेली. येताना म्हातारीच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "या खेपेला मोठं माप लागलं."

म्हातारीने मान हलवली आणि तिला पाण्याचा तांब्या दिला.

तात्पर्य : हातातलं काम सोडायला हरकत नाही, पण आपली वाट बघणाऱ्या प्रत्येकाला सांगून सोडावं, आणि ज्याच्या दारी जायची भीती वाटते, त्याला आधी सांगावं.