पहार आणि पायातलं कडं

पूर्वी वेणुपूर नगरात धृतसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका लोहाराच्या घरी जन्मला, आणि मोठा झाल्यावर राजाच्या बंदीशाळेचा अधिकारी झाला.

तिथले कैदी दिवसभर खाणीत दगड फोडत. संध्याकाळी मोजणी होई. मोजणीला सगळ्यांनी खाली बसायचं, असा नियम. पहारेकरी उभे, कैदी बसलेले. मोजायला सोपं, आणि मिजाशीलाही बरं.

एके दिवशी कट्टक नावाचा कैदी बसेना.

"राजाचा जावई लागून गेलास का रे? बस," भद्दक पहारेकरी खेकसला आणि त्यानं काठीनं ढोसलं. तशी कट्टकानं दगड फोडायची पहार उचलली आणि खडकाला पाठ लावून उभा राहिला. त्याचा एक घाव पडला असता तर तो सुळावर गेला असता. भालेवाले धावत आले.

तेवढ्यात बोधिसत्त्व आला. "भाले खाली. दहा पावलं मागं सरा."

"स्वामी, हा माजलाय," भद्दक म्हणाला.

"असेल. मागं सर."

मग आपली काठी भद्दकाकडे देऊन तो कट्टकापुढे धुळीत मांडी घालून बसला. बसल्यावर त्याचे डोळे कैद्याच्या पायाशी आले. घोट्यातलं लोखंडी कडं मांसात रुतलं होतं. पाय भोपळ्यासारखा सुजला होता. असल्या पायानं कोण बसेल? उभ्यानं मोजणाऱ्यांना तो दिसलाच नव्हता.

"कट्टका, किती दिवस झाले?"

"नऊ."

"सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. हसले."

बोधिसत्त्व म्हणाला, "मी लोहाराचा मुलगा. हे कडं उघडतो. पण त्याला पहार लागेल, आणि ती तुझ्या हातात आहे."

कट्टकानं मागं सरलेल्या भालेवाल्यांकडे पाहिलं. पहार गेली की त्याच्याकडे काहीच उरणार नव्हतं. शेवटी त्यानं ती पुढे केली.

बोधिसत्त्वानं जोडात टोक घालून कडं उघडलं. त्याच्या खांद्याला धरून कट्टक हळूहळू खाली बसला.

"आता मोजा," कट्टक म्हणाला.

भद्दक पाणी घेऊन आला, आणि मान खाली घालून त्यानंच तो पाय धुतला. दुसऱ्या दिवसापासून मोजणीआधी प्रत्येकाचा पाय बघायचा, असं ठरलं. पहारेकऱ्यांनी, खाली बसून.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा कट्टक म्हणजे काल विहारात काठी उगारणारा आपला सोणक. त्याला हिणवणारा तिस्सक हा भद्दक. अधिकारी मीच होतो."

समोर हत्यार असतानाही आधी त्या माणसाचं दुखणं बघणं, ह्याला क्षांती म्हणतात. ज्याच्या हातात काठी असते, त्याला ही क्षांती सगळ्यात जास्त हवी असते.