मानाचा नारळ

पानखोऱ्याच्या चावडीला राजा रणध्वजाने आपलं कुलूप ठोकलं, त्याला सात वर्षं झाली. पोळ्याला मानाचा बैल कोणाचा, शेळक्यांचा की ढमाल्यांचा, यावरून गावात काठ्या निघाल्या होत्या. राजा आला भांडण मिटवायला, आणि बसला तो बसलाच. न्याय त्याचा, कारभार त्याचा, ओढ्याचं पाणीसुद्धा त्याच्या शिपायाला विचारून सोडायचं. दरसाल म्हातारे जाऊन विचारत, आमचा कारभार आम्हाला कधी देता? राजा मिशी पिळत म्हणे, "लायक झालात की देऊ. घाई काय आहे?"

यंदा त्याने अटच घातली. पोळ्याला तोरणाखालून सगळे बैल तंट्याशिवाय गेले, तर चावडीची किल्ली तुमची. तंटा झाला, तर पुन्हा विचारायला यायचं नाही.

म्हातारे तोंडं पाडून परतले आणि पारावर निराळीच जुंपली. कोणी म्हणे, आत्ताच मागा. कोणी म्हणे, आधी चार पोरं शिकू द्या. कोणी म्हणे, आधी आपली भांडणं तरी संपू देत. चंद्राक्का कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन तिथूनच चालली होती. ती थांबली.

"भांडणं मसणात संपतात," ती म्हणाली. "तिथं घेणार का राज्य?"

आणि तिने तडक राजधानीची वाट धरली. राणीवशात बांगड्या भरणारी बाई ती. दरबारात कोणाचं कोणाशी पटत नाही, हे तिला मनगटागणिक ठाऊक.

भर दरबारात तिने राजापुढे शेंडीचा नारळ ठेवला. म्हणाली, अट मान्य आहे, पण आम्ही अडाणी. तंट्याशिवाय मान कसा देतात ते कधी पाहिलं नाही. हा खोऱ्याचा मानाचा नारळ. तुमच्या खालोखाल ज्याचा मान, त्याला देऊन दाखवा. आम्ही बघून शिकू.

"हात्तिच्या," म्हणत राजाने नारळ प्रधानाकडे सरकवला.

सेनापती खाकरला. लढाया कोणी मारल्या, एवढंच त्याने विचारलं. राजगुरू म्हणाले, मुहूर्त कोणी काढले? मग राजाचा मेहुणा उठला, आणि त्याला बस म्हणायला सगळेच उठले. घटकाभरात राजगुरूंची पगडी प्रधानाच्या मांडीवर, सेनापतीची मिशी मेहुण्याच्या मुठीत, आणि नारळ घरंगळत सिंहासनाखाली. ओरडून ओरडून राजाचा घसा बसला.

चंद्राक्काने वाकून नारळ काढला, पदराने पुसला आणि राजापुढे हात पसरला.

"किल्ली द्या."

"चावडीची?"

"या वाड्याची. भांडणाऱ्यांना राज्य झेपत नाही, हा तुमचाच न्याय. उद्यापासून दरबार आमचे म्हातारे सांभाळतील."

"आणि मला तो परत कधी देणार?"

"लायक झालात की देऊ. घाई काय आहे?"

मेहुण्याने हळूच मिशी सोडली. राजा आधी लालबुंद झाला, मग त्याचं पोट हललं, आणि डोळ्यांत पाणी येईतो तो हसला. चावडीची किल्ली त्याने स्वतः तिच्या हातावर ठेवली, वर एक हिरवी पैठणी दिली आणि खोऱ्यातले शिपाई माघारी बोलावले.

"पण कासारणी," तो डोळे पुसत म्हणाला, "परवा पोळ्याला तुमचे शेळके-ढमाले भांडणारच की."

"भांडतील," चंद्राक्का किल्ली कनवटीला लावत म्हणाली. "बघायला या. पुरणपोळी जेवा, आणि दिवस मावळायच्या आत आपल्या घरी जा."