अठराच्या वरची

एका गावात उमाजी नावाचा एक भोळा गाडीवान होता. भोळा हा शब्द मी लोकलाजेस्तव वापरतोय. गावात दुसराच चालायचा.

छत्तिशी आली तरी त्याला कुणी मुलगी देईना. शेवटी काशीद सरांची रजनी तयार झाली. का झाली, देव जाणे! पण सर पडले गणिताचे. म्हणाले, "आधी एक गणित सोडवून दाखव. मगच अक्षता."

शिकवणी सुरू झाली. सर म्हणाले, "समीकरणात एका बाजूला जे केलं, तेच दुसऱ्या बाजूलाही करायचं."

"करतो की, सर."

घरी जाताना डाव्या बैलाच्या पायात काटा रुतला. या दिवट्यानं बाभळीचा काटा शोधून उजव्याच्याही पायात टोचला. उजव्यानं लाथ घातली. चांगलं केलं.

सरांनी कपाळ बडवून घेतलं. "अरे गाढवा, नको असलेलं पलीकडे न्यायचं! बरोबरचं चिन्ह ओलांडलं की अधिकचं उणे होतं."

"असं होय!"

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरात साप निघाला. यानं तो काठीनं उचलून कुंपणापलीकडे, शेजारणीच्या अंगणात टाकला. बाई किंचाळली.

"ओरडताय काय, काकू? तुमच्याकडचा एक साप कमी झाला."

शेजारीण सरांच्या दारात येऊन भांडून गेली. सर टेकीला आले. "समीकरणं पुरे. असमानता घे. क्ष अधिक दोन, वीसपेक्षा मोठे. क्ष सांग."

उमाजीनं घाम गाळला. "दोन पलीकडे नेले. क्ष अठराच्या वर."

"शाब्बास! आता एकोणीस चालेल, तीस चालेल, सत्तरही चालेल. अट पाळली की झालं."

एवढ्यावर सरांनी लग्नाची तिथी धरली. तेही काही कमी नव्हते.

मांडवात ग्रामसेवकानं विचारलं, "नवरी अठराच्या वर आहे ना?"

उमाजीनं कान टवकारले.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. समोर रजनी हार घेऊन, मान खाली घालून उभी. तिच्यामागे दिवा धरून गोदाक्का, सरांची बिनलग्नाची आत्या, वय वर्षं एकाहत्तर.

उमाजी रजनीला वळसा घालून गेला आणि त्यानं हार गोदाक्काच्या गळ्यात घातला.

"मेल्या, हे काय केलंस?" सर ओरडले.

"सर, अट अठराच्या वरची. रजनी चोवीस, म्हणजे काठावर. या एकाहत्तर. एकदम पक्क्या बसतात."

रजनीनं मुंडावळ्या सोडल्या आणि "सुटले बाई!" म्हणत ती सरळ घरी निघून गेली.

गोदाक्कानं मात्र दिवा खाली ठेवला, पदर सावरला आणि ती म्हणाली, "भटजी, थांबलात का? पुढचं घ्या."