ओलकाटा आणि महाराजांची तहान

"आठ दिवसांत नेरगावच्या चाळीसही शेतकऱ्यांनी ओलकाटा आपखुशीने वापरायला घ्यावा! जबरदस्ती नाही, आमिष नाही. पण न घेतल्यास गावचा पाट बंद!"

उदयभान महाराजांचा हुकूम दवंडीवाल्याने वाचला. आपखुशीची एवढी सक्ती नेरगावाने कधी पाहिली नव्हती!

ओलकाटा म्हणजे परदेशी पंडिताने आणलेली पितळी सळई. जमिनीत खुपसली की वरचा काटा सांगे, पिकाला पाणी हवं की नको. गावाने ती मोठ्या मानाने घरोघरी नेली होती. कुणी तिला म्हैस बांधली, कुणी तिच्यावर धोतरं वाळत घातली.

भिवजी माळ्याच्या सगुणाने मात्र ती वांग्यांत लावून पाहिली. काटा खरं बोलत होता! पण शेजाऱ्यांना सांगायला जावं, तर ते म्हणत, "पोरी, तुझी वांगी वाळली तर फार तर कालवण बदलेल. आमचा ऊस वाळला तर वर्ष जाईल!"

सातव्या दिवशी सकाळीच तिने राजवाडा गाठला.

"महाराज, पंडितजींना माणसाची ओल मापता येते का?"

"न यायला काय झालं?" पंडित फुलला. त्याने महाराजांची नाडी पाहिली, घाम टिपून तोलला, तक्ता मांडला आणि जाहीर केलं, "सूर्यास्तापर्यंत महाराजांना पाण्याची गरज नाही!"

"मग महाराजांनी हे आपखुशीने पाळावं," सगुणा नम्रपणे म्हणाली.

भर दरबारात नाही कसं म्हणणार? दिवस वैशाखाचे. दुपारी महाराजांची जीभ टाळूला चिकटली.

"पाणी आणा!"

पंडिताने तक्त्यावर बोट फिरवलं. "आपल्याला तहान लागलेली नाही, महाराज."

"माझी तहान मला कळत नाही?" महाराज कडाडले. "आधी तू राहून दाखव कोरडा! आणि माझं काही बरंवाईट झालं, तर भरून कोण देणार?"

सगुणाने तांब्या पुढे केला.

"महाराज, आमची चाळीस घरं हेच म्हणताहेत. काटा चांगलाय, मी वापरते. पण पंडितजींनी आधी स्वतः त्यावर एक पीक काढून दाखवावं. आणि काट्याचं ऐकून आमचं वाळलं, तर सरकारी कोठारातून भरून मिळावं. एवढा हुकूम काढा, उद्या सगळे हसत तयार होतील!"

घटाघटा पाणी पिऊन महाराजांनी डोळे बारीक केले. "पण पोरी, हे तर आमिष झालं!"

"आमिष गळाला लावतात, महाराज. हा जामीन आहे! पंडितजींना आपल्या काट्याची खात्री असेल, तर कोठारातला एक दाणाही हलायचा नाही. का हो पंडितजी, आहे ना खात्री?"

पंडिताला अचानक खोकला आला.

महाराज इतके हसले की मुकुट घसरला! "काढा हुकूम! आणि नदीकाठचा सरकारी मळा सगुणाला इनाम. पंडितजी पहिलं पीक तिथंच काढतील, सगुणाबाईंच्या हाताखाली!"