गारठाबाई आणि भोकाचं घंगाळ

सरका जरा भिंतीकडे, पाय आत घ्या. हं. तर नऊ बागांचा एक राजा होता. त्याला एकच मुलगी, मैना. मैना जन्मली आणि राणी गेली. मग मैनेला वाढवलं कुणी? बागेतल्या ठकू माळणीनं. न्हाऊ घातलं, भरवलं, मांडीवर झोपवलं. मैना तिला ठकूमाय म्हणायची.

एकदा काय झालं, राजा शिकारीला गेला आणि घाटात अडकला. अशी थंडी, की घोड्याचं पाऊल उचलेना. तिथे बसली होती गारठाबाई. केस पांढरे, बोटं निळी. ती म्हणाली, "सोडते तुला. पण मार्गशीर्ष लागला की तीन पहाटे तुझ्या लेकीच्या दाराशी येईन. जमिनीत उभं असेल ते सगळं माझं. जमिनीपासून उचललेली, मुळावर जिवंत असलेली फुलं दारात दिसली, तर परत फिरेन. फट दिसली, तर आत शिरेन आणि लेक घेऊन जाईन."

राजा हसला, बरं का. नऊ बागांच्या राजाला फुलांची कसली वाण? घरी आला आणि विसरून गेला. मग दसरा आला. तोडा झेंडू! मग दिवाळी आली. तोडा सगळं! हत्तीच्या पायालासुद्धा माळा. नऊही बागा बोडक्या झाल्या, तेव्हा कुठे महाराजांना आठवण झाली. धावत ठकूकडे गेले, घाटातलं सगळं सांगितलं आणि रडायलाच लागले.

पण ठकू रडत बसली नाही. तिच्या परसात शेवंती होती. भादव्यात ठकूनं तिचे शेंडे खुडले होते, म्हणून दिवाळीत तिला एकही फूल नव्हतं. राजाची माणसं हसली होती आणि पुढे गेली होती. आता त्याच शेवंतीला कळ्याच कळ्या! कुंपणाला कोरांटी होती. काट्यांच्या भीतीनं तिला कुणी हात लावला नव्हता. आणि एक गणेशवेल होती, उशिरा उगवलेली, दोऱ्यासारखी बारीक.

पण लावायचं कशात? ठकू म्हणाली, "महाराज, तुमचं न्हाणीतलं घंगाळ द्या." आणि तिनं खिळा घेऊन त्या तांब्याच्या घंगाळाच्या बुडाला भोकं पाडायला घेतली. ठक, ठक, ठक.

"अगं, माझं घंगाळ!"

"भोकं नसली तर पाणी साचतं, मुळं कुजतात. घंगाळ हवं का लेक?"

राजानं स्वतःच घंगाळ उपडं धरलं. धरेल नाही तर काय!

मैनेच्या खोलीचं दार बुटकं आणि अरुंद होतं. त्यात ठकूनं चौरंग ठेवला, चौरंगावर घंगाळ. मागे उंच कोरांटी, जांभळी. मध्ये शेवंती, पिवळी नि तांबडी, इतकी दाट की बोट जाणार नाही. आणि पुढच्या काठावरून खाली सोडली गणेशवेल. चौरंगाखालची फट तिनंच झाकायची होती. पण वेलीला नुसती पानं आणि तीन मिटलेल्या कळ्या. ठकू रोज बघायची. कळ्या काही उमलेनात.

पहिली पहाट झाली. गारठाबाईनं एक फुंकर घातली आणि नऊ बागा काळ्या पडल्या. मग ती दाराशी आली आणि वरून वाकून आत शिरायला गेली. वर होती कोरांटी. जांभळी फुलं बघून ती मागे फिरली.

दुसरी पहाट. आता ती चिडली होती. मधूनच घुसायला गेली. शेवंतीत इथे चाचप, तिथे चाचप. फटच नाही! पाय आपटत गेली.

मग तिसरी पहाट. गारठाबाई जमिनीवर पालथी पडली आणि चौरंगाखालून सरपटत आली. "पानं मला चालत नाहीत," ती म्हणाली. "फूल कुठाय?" आणि निळी बोटं आत आली. एक बोट मैनेच्या अंगठ्याला लागलं. मैना ओरडली, "ठकूमाय!"

ठकूनं मैनेला मागे ओढलं आणि स्वतः त्या फटीशी आडवी पडली. तीनही कळ्या ओंजळीत धरल्या आणि त्यांच्यावर तोंडाची वाफ सोडायला लागली. तिची बोटं बधिर झाली. मग मनगटं बधिर झाली. मग कोपरं.

"सोड," गारठाबाई म्हणाली. "राजाची लेक आहे ती. तुझी कोण लागते?"

"माझी आहे. मी वाढवलीय."

बाहेर तांबडं फुटत होतं. ओंजळीत काहीतरी हललं. एक कळी उमलली. मग दुसरी. मग तिसरी! लालचुटुक तीन चांदण्या. गारठाबाईनं त्या बघितल्या, ठकूच्या निळ्या पडलेल्या हातांकडे बघितलं, आणि गेली.

ठकूची बोटं काही पुन्हा पहिल्यासारखी ऊब धरेनात. मग मैना रोज ती आपल्या गालांवर धरायची. राजा जन्मभर बादलीनं न्हाला, आणि दर दिवाळीला सांगायचा, "सगळं तोडा, पण ठकूच्या शेवंतीला हात लावाल तर बघा!" अशी ती सगळी सुखात राहिली.

झोपा आता. आपल्या दारातल्या तेलाच्या डब्यातली शेवंती चांगली फुललीय, मी आत्ताच बघून आले. आणि डब्याला भोकं मीच पाडलीत.